मेंढरं कुणी मोजली

— नाही नाही, येणार नाही असं मी म्हटलेलंच नाही. तू आधी पाणी पी. आणि हे सर-सर करू नकोस बाई, तुझ्या सासऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ आहे मी, धाकले मामा म्हण. तिथं नको बसू, त्या खुर्चीचा पाय हलतो — इथं बस, पंख्याखाली. लग्नाला दोन महिने झाले ना तुमच्या? आणि पहिल्यांदा माझ्या दारात आलीस ती अशी, आटपाडीहून सांगलीपर्यंत एकटी. विश्वजित का नाही आला? — हां, तो दादाजवळ थांबलाय, बरोबर आहे, बापाजवळ पोरानंच थांबायला पाहिजे. आणि तुझ्या सासूबाईंचे, हरणावहिनींचे, गुडघे तसले. म्हणजे उरलीस तू. पण तुला पाठवण्यात डोकं धुळादादाचं आहे, मला कळत नाही असं समजू नकोस. विश्वजितला मी फोनवर दोनदा वाटेला लावला, म्हटलं आज ही अडचण आहे, उद्या ती अडचण आहे. नव्या सुनेला कसं वाटेला लावणार? बरोबर ओळखलंय त्यानं. पडल्या पडल्या ओळखलंय.

चहा झालाय बघ, साखर जास्त पडली असेल, मला अंदाज नाही. तुझ्या चुलत सासूबाई माधवनगरला गेल्यात बहिणीकडे, त्या असत्या तर तुझी ओटी भरली असती. नारळ कुठं ठेवतात तेही मला माहीत नाही — हसतेस? हस. छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला आपल्या घरातला नारळ सापडत नाही. बरं झालं हसलीस. विश्वजितच्या आत्या लग्नात म्हणत होत्या, पोरगी मुकीच आणली काय म्हणून. मी म्हटलं, बी.एस्सी. गणित झालेली आहे, मुकी नसेल, जागा बघून बोलत असेल.

काय? — दम लागतो त्याला, ते मला माहीत आहे. मिरजेला दवाखान्यात होता तेव्हा मी गेलो होतो की. तीनदा गेलो. तुम्हाला कुणाला दिसलो नसेन, मी दुपारी दोन-अडीचला जायचो, जेवून औषधं घेऊन त्याचा डोळा लागलेला असायचा तेव्हा. दारातनं बघायचो. नळी होती नाकात, आणि पाय उघडे. त्याच्या पायाच्या भेगा बघितल्यास तू? त्या भेगांत आता माती नाही, स्वच्छ भेगा, पांढऱ्या. नर्सनं विचारलं, आत जा की बाबा, कोण तुमचे? मी म्हटलं — जाऊ दे. काहीतरी म्हटलं.

ते वाचतेस होय? वाच, वाच, तूच वाच, तुझ्याच विषयाचं आहे. मी रिटायर होऊन वर्ष झालं, आता कॉलेजला जाग आलीय. वेबसाईटवर प्रत्येक जुन्या प्राध्यापकाचं एक पान टाकणार म्हणे. तीन चौकोन आहेत, बघ — संशोधन, अध्यापन, लेखन, प्रत्येकी साठ शब्द. फोटो पण मागितलाय, हसरा. सकाळपासून तेच लिहीत बसलो होतो आणि तू बेल वाजवलीस.

संशोधनात मी लिहिलंय, 'अनंत संचांची तुलना'. म्हणजे तुला माहीतच आहे, एकास-एक संगती. दोन ढीग आहेत, मोठा कुठला? मोजू नका. यातला एक उचला, त्यातला एक उचला, जोडी लावा, बाजूला ठेवा. ज्या बाजूला उरलं ती बाजू मोठी, आणि दोन्हीकडं काहीच उरलं नाही तर दोघं सारखे. झालं. आकडा लागतच नाही. आणि जिथं ढीग संपतच नाहीत तिथं तर आकड्याचा उपयोगच नाही, तिथं हे जोड्या लावणंच खरं. आयुष्यभर मी हेच केलं. चौदा पेपर आहेत माझे. त्यातले नऊ फक्त मी आणि माझ्या गाईडनी वाचलेत, आणि गाईडनी वाचले याचीही खात्री नाही. पण गंमत सांगू का — हे मला विद्यापीठात कुणी शिकवलेलं नव्हे. तू त्या घरात आलीस तोवर मेंढरं विकून झाली होती, म्हणून तुला बघायला मिळालं नाही. संध्याकाळी मेंढ्या चरून तळावर यायच्या. कोकरं दिवसभर वाघरीत — वाघर म्हणजे जाळं गं, काठ्यांना बांधून गोल कुंपण करायचं — कोकरं त्याच्या आत. माझी आई, दगडाबाई, तुझी आजेसासू, ती वाघरीचं तोंड सोडायची. आणि मग जो कालवा उठायचा, कोकरांचा नि मेंढ्यांचा, की शेजारी बोललेलं ऐकू येऊ नये. पाच मिनिटं. पाच मिनिटांत प्रत्येक कोकरू आपापल्या आईच्या कासेला, आणि मग शांत. आई फक्त ते शांत होणं ऐकायची. शांत झालं म्हणजे सगळी आहेत. मेंढी ओरडत राहिली तर कोकरू गेलं, कोकरू ओरडत राहिलं तर मेंढी गेली. मोजायचं कशाला? आणि मोजायचं नाहीच. मेंढरं मोजली की कमी होतात — आमच्यात हा नियम. माणसं मोजा, भाकरी मोजा, दिवस मोजा, मेंढरांकडे बोट करून एक-दोन-तीन म्हणायचं नाही. मला पीएच.डी. मिळाली ती, खरं सांगायचं तर, आईच्या त्या ऐकण्याला मिळाली.

नाही, दादाचाही हात आहे त्यात. नुसता हात नाही. मी एका ठिकाणी अडकलो होतो, आठ महिने अडकलो होतो, शहाऐंशी साल असेल. वैतागून तळावर गेलो दोन दिवस, दादाचा तळ तेव्हा पुसेसावळीच्या बाजूला होता. बसल्या बसल्या त्याला सांगितलं, दादा, समज मेंढरं संपतच नाहीत, आणि कोकरंही संपत नाहीत, आणि मला सांगायचंय की जोड्या बरोबर लागल्या, पण शेवटपर्यंत जाऊन बघताच येत नाही, काय करू? तो काठी तासत होता. मान वर न करता म्हणाला, "शेवटाला कशाला जातूस? कुठलंबी एक कोकरू धर, आन् त्येची आय कुठली त्ये सांगायला येतंय का बघ. कुठलंबी धरलं आन् सांगता आलं, तर मग समद्यांचंच आलं की रं." कुठलंबी धरलं! स्वप्नाली, कळलं ना काय म्हणाला ते? त्या एका वाक्याला आम्ही वर्गात पंधरा मिनिटं घेतो आणि तरी अर्ध्या पोरांना कळत नाही. आठ महिन्यांची गाठ त्यानं काठी तासता तासता सोडवली. प्रबंधात पहिल्या पानावर आभार आहेत — गाईड, प्राचार्य, ग्रंथपाल, टायपिस्ट, तुझ्या चुलत सासूबाई. त्याचं नाव नाही. काय म्हणून लिहिणार होतो? मेंढपाळ, पुसेसावळी?

अध्यापन. अध्यापनात काय लिहू तूच सांग. साठ शब्द कशाला, एक तास पुरे. दर जूनला एफ.वाय.च्या पहिल्या तासाला मी वर्गात गेलो की खडू हातात घ्यायचो नाही. म्हणायचो, या वर्गात माणसं जास्त का चपला-बुटांचे जोड जास्त? मोजायचं नाही. पोरं एकमेकांच्या पायांकडं बघायची, मागनं कुणीतरी ओरडायचं, सर, ह्याचा अंगठा तुटलाय, अर्धाच धरा. मग वर्ग जो हसायचा. आणि मग मी वाघरीचं सांगायचो, आणि वर्ग गप्प व्हायचा. चांगला शिकवायचो मी, खोटं कशाला बोलू. अठ्ठ्याण्णवला एक मुलगी होती, शिवांजली म्हणून, साताऱ्याकडच्या खंडाळ्याची. पहिल्या बाकावर. तिनं विचारलं, सर, तुमच्यात मोजायचंच नाही तर तुम्ही मोजायला शिकलात कधी? आता तिनं गाव खंडाळा सांगितलं होतं, आणि ते सगळं झालं होतं खंडाळ्याच्याच वरच्या माळावर — माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, सांगतो. आणि सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं मी ते कुणाला, सत्तर पोरांच्या वर्गात. संपलं तेव्हा शिवांजली रडत होती आणि मागची टारगट पोरं टाळ्या वाजवत होती. पुढच्या जूनला पुन्हा सांगितलं. मग दर जूनला. सांगून सांगून इतकं गुळगुळीत झालं ते, की कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं बसून गेलं.

आणि मग लेखन. रविवारच्या पुरवणीत गणिताच्या गमती लिहायचो, ते सोड, ते सगळे लिहितात. पण एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कुणाकडून तरी वर्गातली ती गोष्ट ऐकली आणि म्हणाले, लिहून द्या. दिली. 'मी मोजली' असं नाव दिलं त्यांनी. माझी ओळख म्हणजे तोच लेख. चौदा पेपर एका बाजूला आणि ती साडेतीन पानं एका बाजूला. तुला माहीतच असेल, तुझी हळद उतरायच्या आत दादानं सांगितलं असेल. पाठच आहे त्याला. दर दिवाळीला विश्वजितकडनं वाचून घेतो, आणि विश्वजित एक ओळ गाळायला गेला तर मधेच थांबवतो. ती पानं त्याच्या कोपरीच्या खिशात असतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत — अजून आहेत? उशाखाली. असतीलच.

लेखात असं आहे, की मी नऊ वर्षांचा, दादा अकराचा. चैत्र. लोकर नुकती कातरलेली, मेंढरं उघडी. आणि दुपारी चारला गारा आल्या, लिंबाएवढ्या, आणि मागनं थंड पाऊस. माळावर आडोसा नाही. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहिली आणि उभ्या उभ्या पडली. किती गेली? कुणीच मोजली नाहीत. संध्याकाळी आईनं वाघरीचं तोंड सोडलं, आणि ती शांतता काही आलीच नाही. कोकरंच ओरडत राहिली. दुसऱ्या दिवशी उजाडता आईनं आम्हा दोघांचं घोंगडं झटकलं, त्यातनं सात खडे पडले आणि तीन काटक्या. आईला लगेच कळलं. सात ईस, म्हणजे सात विसा, आणि तीन. कुणीतरी मेंढरं मोजली होती. बा उठला. म्हणाला, "कुणी मोजली?" दादा थरथर कापत होता, आणि मी पुढं झालो आणि म्हटलं, मी. बानं चाबकाच्या मुठीनं मारलं मला, हे बघ, हा कान अजून वाकडा आहे. आणि ज्यानं मोजली त्यानं परत मेंढरांत पाऊल टाकायचं नाही, म्हणून मला आटपाडीला तानुआत्याकडे सोडलं. तानुआत्यानं शाळेत घातलं, का तर पोरगं नुसतं बसून काय करणार. आणि असा हा तळावरनं हाकललेला पोरगा गणिताचा प्राध्यापक झाला. भावाला वाचवायला गुन्हा आपल्या अंगावर घेतला, आणि त्या गुन्ह्यानंच त्याला मोजायला शिकवलं. — हे शेवटचं वाक्य. टाळ्या इथं यायच्या.

काय म्हणालीस?

परत म्हण.

नाही, ऐकू आलं मला. दादांना मोजायला कुणी शिकवलं होतं. — अठ्ठ्याण्णवपासनं सगळ्या बॅचेसनी ही गोष्ट ऐकली, संपादक, प्राचार्य, माझी बायको, आणि हे कुणी विचारलं नव्हतं. सगळे कानाचं विचारतात. दुखलं का सर, फार मारलं का. दादा कसा मोजायला शिकला, हे आज तू विचारलंस. म्हणून म्हणतो, मुकी नाहीस तू.

दगडांनी शिकवलं. रस्त्याकडेचे, गावाचं नाव नि आकडा असलेले. आम्ही त्या रस्त्यानं चालायचो ना, मेंढरांच्या मागनं, पुण्याच्या अंगाला. तो प्रत्येक दगडापाशी उभा राहायचा. वाटसरूला विचारायचा, ह्यो काय हाय? मग पुढच्या दगडावर तेच चिन्ह एकानं बदललेलं. त्याला कळलं की हे काहीतरी क्रमानं चाललंय. आणि आम्ही पुण्याकडं चाललो म्हणून आकडे उतरत जायचे, तर त्याला वाटायचं मोजणं म्हणजे कमी होत जाणंच असतं. वजाबाकी आधी शिकला तो, बेरीज मागनं. अकरा वर्षांचं पोर, शाळेचा उंबरा बघितलेला नाही, आणि ईस-ईसचे ढीग करून एक खडा ठेवायचा ही युक्ती त्याची त्यानं काढली. गारांच्या आदल्या रात्री घोंगड्यात माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "मोजली रं. समदी." कुजबुजत, पण आवाज असा, की आतनं हसू फुटतंय. मी विचारलं, किती? म्हणाला, "उंब्रजच्या अलीकडं दगड नव्हता का, पुण्याचा? त्येच्यावर हुतं तेवढी." एकशे त्रेचाळीस! त्याच्यासाठी आपली मेंढरं म्हणजे उंब्रजपासनं पुण्यापर्यंतची वाट होती. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं बघितली, परदेशातली बघितली. असा आनंद मी कुणाच्या आवाजात ऐकला नाही.

आणि मी काय केलं? मी झोपलो. मला काही कळलं नव्हतं त्यातलं.

तू अशी बघू नकोस. चहा घे. गार झाला.

आता आलोच आहे इथवर तर ऐक. आमच्या चुलत्याचा एक पोरगा होता, त्यानं आदल्या साली मोजली होती, गंमत म्हणून. काही झालं नव्हतं, एक लंगडी मेंढी तेवढी मेली. तरी त्याला गावात आजीजवळ सोडला. आणि पावसाळ्यात आम्ही गावी गेलो तेव्हा तो — स्वप्नाली, त्याच्या पायांत चप्पल होती. पाटी होती, दप्तर होतं, आणि दुपारी तो सावलीत बसलेला असायचा. सावलीत, भर दुपारी, बसलेला. माझे पाय तेव्हा असे फाटलेले असायचे की रात्री आई त्यात मेण भरायची. मला तळ नको होता. मला ते चालणं नको होतं. मला मेंढरांचा वास नको होता. नऊ वर्षांचं पोर एवढा विचार करतं का, म्हणशील. करतं. बा उभा, आई खडे हातात घेऊन उभी, ती सगळी पडलेली जनावरं, आणि बा म्हणाला, कुणी मोजली. दादाचं तोंड उघडलं होतं, तो सांगणारच होता, भिऊन नव्हे गं, तो कबूलच करणार होता. आणि मला समोर काय दिसलं? चप्पल. सावली. म्हणून मी त्याच्या आधी म्हणालो. आधी! धावत जाऊन जागा पकडतात तसा.

त्याचा गुन्हा चोरला मी. पेपर चोरतात, कल्पना चोरतात, आमच्यात त्याला नावं आहेत, कमिट्या आहेत. ह्याला नाव नाही. लेखात एक अक्षर खोटं नाही, बघ तू वाचून — खडे खरे, गारा खऱ्या, कान खरा. फक्त का, ते नाही.

मी हे सिद्ध करून बघितलंय. तुला माहीत असलेल्या पद्धतीनं, उलट मानून. समजा मी भावाच्या मायेनंच बोललो. मग आटपाडीला जाताना मला त्याच्यासाठी रडू यायला पाहिजे होतं. तो रडत होता, मैलभर मागनं आला, माझा हात सोडेना, म्हणत होता, "माज्यासाठी मार खाल्लास रं लहान्या, माज्यासाठी." आणि मी रडलो नाही. मला घाई झाली होती. म्हणजे आपण जे मानलं ते चूक. इतकं सरळ आहे. चाळीस वर्षं मी त्यात फट शोधतोय — दोन्ही कारणं एकदम खरी असू शकतात, मूल होतं, मार बसला त्यानं रडू आटलं असेल — फट सापडत नाही. दुसऱ्या कुणाच्या सिद्धतेत मी पाच मिनिटांत काढून दाखवतो.

आणि तो? ज्याला अकराव्या वर्षी मोजता येत होतं, तो पन्नास वर्षं मेंढरांमागं चालला आणि त्यानं परत कधी मोजलं नाही. बाला वचन दिलं म्हणून नाही. माझ्यासाठी. लहान्यानं मार खाल्ला, आता मी मोजलं तर त्याचा मार वाया जाईल, म्हणून. हे मला वहिनींनी सांगितलं. विश्वजित लहान असताना एकदा म्हणाला होता, आबा, मला पाढे म्हणून दाखवा. दादा उठून गेला तिथनं.

ती बॅग? — भरलेलीच आहे. मंगळवारी भरली. त्यात त्याच्यासाठी मऊ स्वेटर आहे, नवा. रोज सकाळी बॅग दारापर्यंत नेतो आणि परत आणतो.

सांगितलंय मला विश्वजितनं, दादाला काय पाहिजे ते. नीट सांगितलंय. त्याला माझ्या पाया पडायचंय. थोरला धाकट्याच्या! मी म्हटलं असलं कुठं असतं का, तर विश्वजित म्हणाला, आबा ऐकत न्हाईत, म्हणत्यात मास्तर आला की मला उठवून बसवा, मला वाकायचंय, डोळं मिटायच्या आधी. त्याला बसता येत नाही, आणि त्याला वाकायचंय. माझ्यापुढं.

मग मी काय करू, तू सांग. गेलो आणि गप्प उभा राहिलो, तर तो वाकणार. त्याचं डोकं इथं, माझ्या पायावर. आणि सांगून टाकलं — सांगता येईल, तोंडावर आलंय, बघ तुला सांगितलंच की — तर काय उरतं त्याच्याजवळ? शाळा माझी झाली, सावली माझी झाली. त्याच्याकडं एकच चीज आहे आयुष्याची, की आपल्यावर कुणीतरी एवढी माया केली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलीय त्यानं ती. आता ती पण मीच काढून घेऊ? डॉक्टर म्हणतात दोन दिवस, चार दिवस. चार दिवसांसाठी मी खरं बोलू होय?

काय? — नुसतं बसायचं त्याच्याजवळ. काही बोलायचं नाही, पायही जवळ ठेवायचे नाहीत, उशाशी बसायचं, हात धरून. हे तू सुचवतेस. चांगलं सुचवतेस. पण पोरी, तुला ठाऊक नाही तो. मी डोक्याकडं बसलो तर तो गडी वळून वाकंल. त्याला माझं पाऊल दिसलं की बास, मग त्याला धरायला तुम्ही तिघं पुरायचा न्हाई. आन् मी तवा पाय वढून घेतला तर? त्यो वर बगंल. न्हाई गं. मला त्येच्या डोळ्यांत बगाय न्हाई यायचं. मिरजंला पण म्हणूनच तसा गेलो मी, झोपला असंल तवा. झोपलेल्याचं तोंड कसं हुतं सांगू? त्यो घोंगड्यातला हुता ना, मोजून आलेला, तसंच हुतं. काय बदललं न्हाई.

ऊठ आता. ऊठ बाई. पावणेपाचची आटपाडी गाडी हाय, ती चुकली तर मग ईट्याला बदलायला लागंल, आन् एकल्या बाईमाणसानं त्ये नको. ह्यो स्वेटर तेवढा ने. त्येला आवडंल, निळा हाय.

आन् हे बघ. जे बोललो त्ये हितंच. विश्वजितला न्हाई, वहिनीला न्हाई. त्येनं इचारलं, मास्तर का न्हाई आला, तर सांग, घरात न्हवते. दाराला कुलूप हुतं म्हण. परदेशात बोलावलंय म्हण, भाषणाला, मोठ्या लोकांच्यात, इमानानं गेल्यात. तुला खोटं बोलायला जड जाईल, नवी हाईस, पर तू काय काळजी करू नको. त्यो एक सवाल करायचा न्हाई. खूश हुईल. शेजारच्याला हाक मारून सांगंल. त्येला माझं समदं खरंच वाटतं गं.

जा. माझ्या पाया पडू नको. जा म्हटलं ना.